पंधरा मुठी कापूस

मानवतमध्ये त्याचं नाव निघालं की लोक अजून हात जोडतात. जोडोत. माझ्या दुकानात बसून कुणी त्याचं कौतुक लावलं, तर मी कापसाच्या भावाचा विषय काढतो. तरी तो थांबला नाही तर चहा अर्धा असतानाच त्याला उठवतो. शेठचं डोकं गरम आहे, असं लोक म्हणतात. आहेच. हमालीपासून सुरुवात करून अडतीच्या गादीवर आलेल्या माणसाचं डोकं थंड राहत नसतं. पण या एका माणसावरचा माझा राग वेगळा आहे. माझ्या थोरल्या भावाचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो पाय जाण्याआधी पाच आठवडे आम्ही या देवमाणसाच्या दारात जात होतो, आणि त्याला जे माहीत होतं ते पाचही आठवडे त्यानं तोंडातून काढलं नाही.

तो सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यानं लोकांची बिडी सोडवायचं काम काढलं. दारावर पाटी नव्हती, फी नव्हती, औषध नव्हतं. एक बाज, एक स्टूल, एक लांबट वही आणि कोपऱ्यात कापसाचं पोतं. लोक त्याला ‘बिडीतोड कंपाउंडर’ म्हणायचे. भर मे महिन्यातही त्याच्या गळ्यात मफलर असायचा आणि पायात मोजे. मानवतच्या मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, आणि हा माणूस मफलर आवळत बसलेला.

घरात काडेपेटी नव्हती. गॅसला लायटर, देवापुढं विजेचा बारका दिवा. त्याच्या बायकोला, काकूंना, उदबत्ती लावायची असली की त्या शेजारणीच्या घरी जाऊन पेटवून आणायच्या, आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून पदराआड धरून यायच्या. आणि त्याच घरात वाती मात्र टोपल्याच्या टोपल्या. गावातल्या सगळ्या देवळांना वर्षभर पुरतील एवढ्या. का, ते पुढं सांगतो.

तो कुणाच्या तोंडाकडं बघून बोलायचा नाही. समोरच्याच्या हातांकडं बघायचा. एकदा मी विचारलंही, ‘साहेब, आमच्या तोंडाला काय झालंय?’ तर म्हणाला, ‘तोंड दिवसभर बोलतं शेठ, त्याला सवय झालेली असते. हातांना बोलायची सवय नसते. ते खरं सांगून जातात.’ तेव्हा मला हे मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. आज आठवलं की अंगाची आग होते.

बाजेखाली एक पत्र्याची ट्रंक होती. ज्यांनी आधी दुसरे इलाज करून पाहिले, त्यांच्याकडून तो त्या इलाजाचा नमुना मागून घ्यायचा आणि ट्रंकेत टाकायचा. दंडातला तावीज. तांब्याचं कडं. कानाच्या पाळीला चिकटवायचे दोन बारीक लोहचुंबक. ते विकणाऱ्यानं सांगितलं होतं की तलफेची नस कानातून जाते. एक चूळ भरायचं औषध, ज्यानं धूर कडू लागतो. ते आणणाऱ्या माणसाला महिन्याभरात कडू धूरच आवडायला लागला होता. वाफेची विजेची बिडी, जिला रोज चार्ज करावं लागे. तिच्या मालकाच्या गावात लाईट जायची, की तो साधी बिडी पेटवायचा. आणि सगळ्यात जास्त होत्या पुड्या: ‘नकळत चहात टाका, आठ दिवसांत सुटते’ असं छापलेल्या.

राणीसावरगावचा एक शेतकरी अशीच पुडी घेऊन आला होता. त्या दिवशी मी तिथंच होतो. 

‘पावडर लागू पडली का?’ म्हाताऱ्यानं त्याच्या हातांना विचारलं.

‘पडली की. बायकोनं गुपचूप च्यात टाकली. आठ दिस डबा घेऊन पळायलो होतो.’

‘आणि बिडी?’

‘आता तिथं बसून माणसानं दुसरं काय करावं, सांगा तुमी. एक बंडल जास्तीचं गेलं रोज.’

खोली हसली. म्हातारा हसला नाही. पुडी ट्रंकेत टाकली आणि वही उघडली. म्हणाला, ‘मी पण ओढायचो. रोज तीस. आता आकडा सांगा.’

हा त्याचा इलाज. आकडा सांगा. रोज किती ओढता ते खरं सांगायचं, की तो वहीत लिहायचा. मग पोत्यातून तेवढ्या मुठी कापूस मोजून पिशवीत भरायचा. शेतातून वेचून आणलेला, सरकीसकटचा कापूस. तलफ आली की बिडीऐवजी एक मूठ कापूस घ्यायचा आणि बोटांनी एकेक सरकी काढत बसायचं. तो म्हणायचा, ‘तलफ फार तर पाच मिनिटं टिकते. एका मुठीतली सरकी निघेपर्यंत ती कंटाळून निघून जाते.’ आठवड्यानं रुई आणि सरकी दोन्ही परत आणायची. रुईच्या काकू वाती करायच्या. पुढच्या आठवड्याला दोन मुठी कमी, त्याच्या पुढं आणखी दोन, असं करत पिशवी रिकामी होईपर्यंत. पिशवी रिकामी झाली की माणूस सुटला.

परत आलेली रुई तो आधी नाकाला लावायचा. कापूस वास धरतो, हे मलाही माहीत आहे. मिरचीच्या पोत्याशेजारी ठेवलेला कापूस मी डोळे मिटून ओळखतो. पण म्हातारा त्या वासावरून माणूस आठवड्यात किती वेळा घसरला ते सांगायचा. एका मेंढपाळाला त्यानं कापूस दिला नाही, कुसळं निवडायला लोकर दिली. म्हणाला, ‘याच्या बोटांना कापूस परका आहे.’ त्या मेंढपाळाला म्हणे सांगितलं, मी रोज वीस ओढायचो. आमच्या दुकानात तो शेतकरी आणि तो मेंढपाळ एकदा समोरासमोर आले, तेव्हा दोघांचं भांडण झालं. एक म्हणे कंपाउंडर तीस ओढायचा, दुसरा म्हणे वीस. मी तेव्हाच मनात नोंद केली: हा माणूस थापाड्या आहे. दोघांचीही बिडी मात्र सुटली होती.

एवढं त्याचं मोठेपण मी कबूल करतो. मापात खोट मारायची मला सवय नाही.

आता दादाचं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. जिनिंगच्या कारखान्यात फिटर होता. मला हमालीला त्यानंच लावलं, आणि पुढं मी गावोगाव फिरून कापूस घ्यायला लागलो तेव्हा पहिल्या गाडीवर माझ्यासोबत तोच बसला. जिनिंगमध्ये बिडी म्हणजे आग. फाटकावर झडती घेऊन बिड्या-काड्या काढून घेतात. दादा तरी ओढायचा. मागच्या भिंतीला टेकून, पेटलेलं टोक तळहाताच्या खोबणीत लपवून. त्यामुळं त्याच्या उजव्या तळहाताच्या मधोमध एक तपकिरी, टणक डाग पडला होता, चिंचोक्याएवढा. ओढायचा किती? दोन बंडलं. चाळीस.

मग त्याच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट निळं पडलं, आणि नंतर काळं. परभणीच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, तपासण्या केल्या आणि सांगितलं, पायाच्या नसा बिडीनं बंद होत आल्यात. बिडी आजपासून बंद. नाहीतर आज बोट आहे, उद्या पाय. दादा ऐकून घेत होता. एसटीतून मानवतला उतरल्या उतरल्या, माझ्यासमोर, त्यानं बिडी पेटवली.  मी स्टँडवर सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, ‘बारक्या, मला कळत न्हाई व्हय? कळतंय रे. सुटत न्हाई.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला कंपाउंडरकडं नेलं.

म्हाताऱ्यानं दादाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोटं उलटीपालटी केली. मग उजवा तळहात उघडला आणि त्या डागावर अंगठा फिरवला. बराच वेळ. मग नेहमीचं म्हणाला, ‘मी पण ओढायचो, भाऊ. रोज चाळीस. आता तुम्ही आकडा सांगा.’

दादानं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोललो. 

‘पंधरा.’

का बोललो, ते धंद्यातला माणूस लगेच समजेल, बाकीच्यांसाठी सांगतो. उभ्या आयुष्यात मी कुणाला पहिला आकडा खरा सांगितलेला नाही. शेतकरी सात म्हणतो, मी पाच म्हणतो, तो सहा धरतो, मीही सहा धरतो. दोघांनाही माहीत असतं. पहिला आकडा म्हणजे फक्त बसायला घातलेली सतरंजी. मी पंधरा म्हटलं की हा म्हातारा तीस-पस्तीस धरेल, असं मी गृहीत धरलं. याच गावचा माणूस आहे, कापसाच्या बाजारात जन्म गेलाय, एवढं कळणार नाही का? आणि पंधरा म्हटलं की दादाचीही लाज राहील. 

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यानं दाबलं.

‘पंधरा?’ म्हाताऱ्यानं विचारलं. माझ्याकडं बघून नाही. दादाच्या हातांकडं बघून.

‘पंधरा,’ मी म्हणालो.

त्यानं वहीत पंधरा लिहिलं आणि पंधरा मुठी कापूस रोजचा, अशा सात दिवसांच्या सात पुरचुंड्या बांधून दिल्या. एका शब्दानंही त्यानं सांगितलं नाही की आकडा तिसाच्या वर असला तर तो हात लावत नाही. चिठ्ठी देऊन परभणीला भरती करायला लावतो, तिथं डॉक्टर गोळ्या देतात, माणूस नजरेखाली राहतो. हे मला नंतर कळलं. पाय गेल्यावर.

दादा माझ्या गोदामात बसून सरकी काढायचा. पंधरा मुठी सकाळी दहा वाजता संपायच्या. मग दिवस उरायचा. दादाचे रिकामे हात मांडीवर असे पडलेले असायचे की बघवत नव्हतं. मग तो माझ्या कापसाच्या गंजीत हात घालायचा. मूठ ओढायची, सरकी काढायची, दुसरी मूठ. नखांच्या कडा फाटून रक्त यायचं, रुईला लालसर बोटं उमटायची. त्या आठवड्यात त्यानं जीव तोडून केलं. हे मी शपथेवर सांगतो, माझ्या भावानं जीव तोडून केलं.

आठवड्यानं पिशवी घेऊन मी पुढं, दादा मागं. पिशवी मी उचलली होती. मी कापसाचा व्यापारी आहे. मुठीवरून ओलावा सांगतो, काटा नसताना पोतं नुसतं हलवून वजन सांगतो. ती पिशवी पंधरा मुठींची नव्हती, हे माझ्या हाताला गाडीवर ठेवतानाच कळलं होतं.

म्हाताऱ्यानं सरकी परातीत ओतली. परात भरून वर शीग लागली. त्यानं बोटं फिरवली. रुई नाकाला लावली. मग मान वर न करता विचारलं, ‘आकडा तोच ठेवायचा, शेठ?’

‘तोच.’

आता मला सांगा, समोरचा एक पाऊलही खाली आलेला नसताना आपण वर कसं जायचं? मी वाट बघत होतो की तो म्हणेल, शेठ, पंधरा पटत नाहीत. मग मी म्हणालो असतो, बरं, वीस-पंचवीस धरा. मग तो म्हणाला असता, खरं सांगा. आणि मी सांगितलं असतं. असंच होतं हे. पण त्यानं नुसतं विचारलं, आणि मी नुसतं उत्तर दिलं.

दुसऱ्या आठवड्याला त्यानं दोन मुठी कमी केल्या. ‘आकडा तोच?’ तोच. तिसऱ्याला आणखी दोन. तोच? तोच.

तिसऱ्या आठवड्यात गंजीच्या मागं मला धुराचा वास आला. कापसाच्या गोदामात! मी धावत गेलो. दादा भिंतीला टेकून उभा होता, टोक तळहातात लपवून. मी त्याच्या हातावर फटका मारला, बिडी उडाली, चपलेनं विझवली आणि तोंडाला येईल ते बोललो. आग लावतोस का, माझ्या आयुष्याची राख करतोस का, असलं. मोठ्या भावाला. 

तो शांतपणे म्हणाला, ‘दहा वाजता सरतात रे मुठी. आता तर नवालाच सरायलेत. दिवसभर काय करू? तू त्यान्ला खरा आकडा सांग.’

‘आता सांगितलं तर ते म्हणतील पहिल्याच दिवशी खोटं बोलले. हाकलून देतील.’

‘मग मी सांगतो.’

‘तू गप बस. बोलणी माझ्यावर सोड. एक आठवडा अजून. तेच विचारतील, बघ.’

‘बोलणी कसली बारक्या? पाय हाय ह्यो.’

मी त्याला बोलू दिलं नाही. उरलेले दोन आठवडे मी त्याला म्हाताऱ्याच्या दारात, गाडीपाशीच बसवून ठेवलं. पाय दुखतो, चालवत नाही, असं सांगून एकटा आत जायचो. चौथ्या आठवड्याला पिशवी हलकी लागली. हाताला बरं वाटलं. हलकी का, याचा विचार मी केला नाही. सरकी काढायची सोडून तो पुन्हा पूर्ण चाळिसावर गेला होता.

म्हाताऱ्यानं रुई नाकाला लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच धरून ठेवली. ‘आकडा तोच, शेठ?’ त्याचा आवाज खोल गेला होता.

‘तोच.’

पाचव्या आठवड्यात काळं घोट्यापर्यंत आलं. 

ऑपरेशन परभणीला झालं. दादा शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट त्यानं काय केली असेल? चादरीच्या कडेचा एक सुटलेला दोरा बोटांत धरून तो उलगडत बसला. ते बघून मी दवाखान्यातून बाहेर पडलो आणि सरळ मानवतची गाडी धरली.

दुपारी म्हातारा एकटाच होता. मी गोदामातून आणलेली सरकीची पिशवी त्याच्या पुढ्यात फेकली. फरशीवर सगळीकडं सरकी उडाली.

‘पाय गेला,’ मी म्हणालो. ‘गुडघ्याखाली.’

त्यानं डोळे मिटले.

‘तुम्हाला माहीत होतं.’

‘होतं.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून. तळहात पाहिला ना मी.’

‘मग बोलला का नाही?’ मी इतक्या जोरानं ओरडलो की शेजारच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. ‘एकदा म्हणायचं होतं, शेठ, खोटं बोलताय!’

‘एकदा म्हटलं होतं,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला नाही. येलदरीकडच्या एका माणसाला, त्याच्या सुनेसमोर. खोटं बोलता, म्हणालो. तो चपला घालून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या छातीत गाठ होती. तेव्हापासून आकडा मी स्वतः कधी बदलत नाही. ज्याचा त्यानं बदलला तरच तो सुटतो.’

‘आणि नाही बदलला तर?’

 त्यावर तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. 

‘तुम्ही व्यापारी, शेठ. मला वाटलं, दुसऱ्या फेरीत वर याल. म्हणून दर आठवड्याला विचारत होतो.’

‘तुम्ही कंपाउंडर होता!’ मी म्हणालो. ‘अडत्या नव्हता! माझा धंदा माझ्याशी खेळायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर खोटंच बोलणार, माझं पोट त्यावर आहे. तुम्ही कशाला सौद्याला बसलात? मधे पाय होता माझ्या भावाचा!’

 त्यानं पोत्यातून एक मूठ कापूस घेतला आणि सरकी काढायला लागला. एक सरकी धड निघेना. मला ते सहन झालं नाही. मी बाजेखालची ट्रंक लाथेनं उलटी केली. तावीज, कडी, चुंबक, पुड्या खोलीभर पसरल्या. मी बाहेर पडताना वळून पाहिलं, तर तो गुडघ्यावर बसून एकेक उचलत होता. मोजे सरकीत मळले होते.

त्यानंतर मी त्या गल्लीत गेलो नाही. समोरून तो आला तर मी गाडी वळवायचो. लोक विचारत, शेठ, काय झालं? मी सांगायचो, विचारा त्या देवमाणसाला. तो कुणाला काही सांगायचा नाही, हे मला माहीत होतं. आकड्यांच्या बाबतीत तोंड बंद ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. मातीला मी गेलो नाही. पंधरा-वीस दिवसांनी दादाच म्हणाला, ‘मला घिऊन चल. काकूंना भेटून यावं.’ दादाचा त्याच्यावर राग नव्हता. का नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही. कुबड्या टेकत तो पुढं गेला, मी उंबऱ्याजवळ उभा.

काकूंनी पाणी दिलं. कोपऱ्यात कापसाचं पोतं तसंच होतं. काहीतरी बोलायचं म्हणून दादा म्हणाला, ‘लय जनांची सोडवली त्यांनी. सवताची सोडवली, म्हणून दुसऱ्याची सोडवता आली.’

काकू म्हणाल्या, ‘कुठली सवताची? त्यांनी जन्मात बिडी ओढली नाही, भाऊ. धुरानं दम लागायचा त्यांना. लहानपणापासूनचा. म्हणून तर तो मफलर, आणि घरात काडी नाही.’

मी उंबऱ्यावरून विचारलं, ‘मग सगळ्यांना आकडे सांगायचे ते? कुणाला वीस, कुणाला तीस?’

‘ते समोरच्याचे असायचे,’ काकू म्हणाल्या. ‘हात बघायचे, आकडा ओळखायचे, आणि तोच आपला म्हणून सांगायचे. म्हणायचे, म्हणजे त्याला खरं सांगायची लाज वाटत नाही. मी म्हणायची, अहो, थापा कशाला मारता? तर म्हणायचे, मी माझा भाव आधी सांगून टाकतो.’

दादानं हळूच आपला उजवा तळहात उघडून पाहिला.

मी पण ओढायचो, भाऊ. रोज चाळीस.

म्हणजे पहिल्याच मिनिटाला त्यानं खरा आकडा माझ्यापुढं ठेवला होता. सौद्यात असं कुणी करत नाही. कुणीच करत नाही! म्हणून तर मला तो दिसला नाही. परतताना दादा गाडीवर मागं बसला होता, आणि माझं डोकं आणखीच तापलं होतं. चाळीस माहीत होते, चाळीस बोलूनही दाखवले, आणि लिहिले पंधरा. आडून सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. मी त्याला त्या दिवशीही माफ केलं नाही.

दादा अजून गोदामात बसतो. सरकी काढायची सवय राहिली आहे. मी रोज विचारतो, आज किती? तो म्हणतो, एकबी न्हाई. आता शून्याचं मी काय दुप्पट धरू? गेल्या महिन्यात तो म्हणाला, उजव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायलेत. त्या दिवशी तो जेवायला गेल्यावर मी त्याची पिशवी उघडली आणि रुई नाकाला लावली. म्हाताऱ्यासारखी. 

वास होता.

मी ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याला परभणीला घेऊन गेलो. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचा वेगळा विभाग आहे. टेबलामागं एक मुलगी बसली होती, पुढं छापील फॉर्म. तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं, पायाचे कागद पाहिले. मग पेन तयार ठेवून विचारलं, ‘रोज किती ओढता, काका?’

दादानं माझ्याकडं पाहिलं. सवयीनं. मी भिंतीकडं बघत राहिलो. दाताखाली जीभ धरली होती, अक्षरशः धरली होती.

‘पाच,’ दादा म्हणाला.

तिचं पेन कागदावर टेकलं. ती काही विचारणार नव्हती. तिला काय माहीत? तिनं रुई हुंगलेली नव्हती. पाच लिहिलं की पाचाचा इलाज, आणि बाहेर चाळीस माणसांची रांग.

‘दादा,’ मी म्हणालो, ‘अजून.’

तो खाली बघत होता. आपल्या एकाच चपलेकडं.

‘बारा.’

‘अजून, दादा.’

‘अठरा,’ तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘अठराच हायेत, बारक्या. आता वर काय बी न्हाई.’

‘लिहा,’ मी त्या मुलीला म्हणालो. ‘अठरा लिहा.’

एवढंच होतं. ‘अजून’ हा एक शब्द, दोनदा. तो म्हाताऱ्यानं पाच आठवड्यांत एकदा म्हणायचा होता, नाहीतर मी.